लस कुठे टोचली, किती खोल टोचली?

लस टोचण्याचीही एक पद्धत असते. ती चुकली तर त्रास वाढतो आणि दोष मात्र लसीच्या माथी येतो.

पेंटाव्हॅलंट लस स्नायूत द्यायची असते. म्हणून तान्ह्या बाळाला ती मांडीच्या मधल्या भागात, पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचतात, सुई सरळ ९० अंशात. कुल्ल्यात नाही, तिथून पायाची मोठी नस जाते. आपल्याकडे दादी-नानी सिस्टरला सांगतात, "सुई छोटी घ्या हं!" पण ही लस स्नायूपर्यंत न पोचता चरबीतच राहिली तर लाली, सूज जास्त येते. ब्रिटनमधल्या अभ्यासात बाळांना १६ ऐवजी २५ मिलिमीटरची सुई वापरली तेव्हा सूज कमी दिसली. टोचल्यावर चोळू नका.

बीसीजीचं उलट. ती डाव्या दंडावर, कातडीतच द्यायची. काही आठवड्यांनी तिथे फोड येतो, फुटतो, वण राहतो. हे ठरलेलंच आहे, हळद-मलम लावू नये. लस खोल गेली तर मात्र गळू होऊ शकतं.

मोठ्यांना, समजा हजला जाणाऱ्या बुजुर्गांना फ्लूची लस, दंडावर देतात: खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली. त्याहून वर टोचली तर सांध्याला इजा होऊन हात उचलणं महिनोन्महिने अवघड जातं. गळ्याकडून कपडा ओढून थोडासाच खांदा उघडा केला की ही चूक होते. आमच्या भगिनींनी सैल बाहीचा कुर्ता घालावा, आडोसा हवा असेल तर बेधडक मागावा. दंड एक-दोन दिवस दुखतोच. पण आठवड्यानंतरही हात वर जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि लस नेमकी कुठे टोचली तेही सांगा.