खोपोलीची वीज, दाभोळची वीज

मीटिंगमध्ये एक स्लाइड हमखास येते: "मागणी प्रचंड आहे, म्हणून हा प्रकल्प आपण करायलाच हवा." सगळे माना डोलावतात. या 'म्हणून'मध्ये केवढं भगदाड असू शकतं, हे समजून घ्यायला आमच्या कळंबपासून फार लांब जायला नको. कर्जतला यायचं आणि खोपोली लोकल पकडायची.

लोणावळ्याला पडणारा पाऊस धरणांत अडवायचा, सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीला सोडायचा आणि वीज करायची, ही योजना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ साली ते वारले. १९१० साली कंपनी निघाली, १९११ साली वळवणला पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज सुरू झाली.

"मुंबईला वीज लागेल" एवढ्यावर हा हिशेब थांबलेला नव्हता. मुख्य गिऱ्हाईक कोण, तर कापडगिरण्या. त्या कोळशावर चालायच्या, म्हणजे विजेची तुलना कशाशी करायची तेही माहीत. कोळशापेक्षा परवडली तर घेतील, नाहीतर नाही. आणि भांडवल भागधारकांचं, त्यात संस्थानिकही होते. योजना फसली असती तर झळ आधी त्यांना.

आता याच कोकणात, पण पार खाली रत्नागिरी जिल्ह्यात चला. १९९२ साली एन्रॉनशी दाभोळ प्रकल्पाचा प्राथमिक करार झाला, १९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा. युक्तिवाद तोच: राज्यात विजेची टंचाई आहे, म्हणून हा प्रकल्प हवा. टंचाई खोटी नव्हती बरं का! पण टंचाई आहे म्हणजे कुठल्याही भावाची, चोवीस तासांची वीज हवी, असं होत नाही. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हे अर्थकारण बसत नाही असं सांगितलं होतं. पुण्याच्या 'प्रयास'च्या अभ्यासकांनीही आकडेमोड करून हेच दाखवलं.

खरी मेख करारात होती. वीज उचला वा न उचला, क्षमतेचा आकार भरायचाच. समजा हा आकार ९० रुपये आहे. ९० युनिट घेतली तर युनिटमागे एक रुपया पडतो, ३० च घेतली तर तीन रुपये. इंधन वेगळं, तेही डॉलरच्या भावात. १९९५ साली युती सरकारने करार रद्द केला, १९९६ साली पुन्हा केला, तेव्हा १ रुपया ८६ पैसे दराचा गाजावाजा झाला. २००० सालच्या शेवटी प्रत्यक्ष दर सात रुपयांच्या वर गेला! वीज मंडळाच्या मागे राज्य सरकारची हमी, तिच्यामागे केंद्राची. म्हणजे झळ शेवटी तुम्हाआम्हाला. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे काही वर्षं गावोगाव भारनियमन चालूच होतं.

मग खोपोलीचा हिशेब अगदी चोख होता का? तर नाही. त्याच टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. गिरणीचा कोळसा किती वाचला हे ताळेबंदात दिसतं. बुडालेली भातखाचरं सरकारी मोबदल्याच्या आकड्यात कितीशी मावणार?

सांगायचा मुद्दा असा, की "मागणी आहे" ऐकलं की चार प्रश्न विचारावेत. मागणी कुणाची? कुठल्या भावाला? अंदाज चुकला तर पैसे कोण भरणार? आणि ज्याचं नुकसान होणार आहे तो या खोलीत बसलाय का?

पहिल्या तिघांची उत्तरं बहुतेक वेळा कागदात शोधून सापडतात. चौथ्यासाठी मात्र उठून मुळशीला जावं लागतं.