जहीरचं जाहीर

कंधार हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. राष्ट्रकूटकाळापासूनचा भुईकोट किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, ही त्याची ओळख. फोनवर रोमन लिपीत हे नाव टाइप केलं की पुष्कळदा त्याचं अफगाणिस्तानातलं कंदहार होतं. चिडायला होतं खरं, पण दोष एकट्या फोनचा नाही. मोगलांचे फारसी इतिहासकारही आपलं कंधार अगदी त्या कंदहारासारखंच लिहीत. मग घोटाळा नको म्हणून ‘दख्खनचं’ असं पुढे जोडावं लागे.

दुरुस्ती करणारं यंत्र नवं आहे, दुरुस्त करायची खोड जुनी. मायक्रोसॉफ्टच्या वर्डमध्ये ऑटोकरेक्ट आलं ते 1993 च्या सुमारास. डीन हॅचमोविच हा त्यामागचा माणूस. घाईत इंग्रजी ‘द’ची अक्षरं मागेपुढे झाली तर ती जागेवर बसवायची, असं सुरुवातीचं साधं काम. त्याच्या मुळाशी असलेलं गणित त्याहून जुनं. लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 मध्ये दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत मांडली: किती अक्षरं घातली, काढली किंवा बदलली की एका शब्दाचा दुसरा होतो. ‘जहीर’ आणि ‘जाहीर’ यांच्यात अंतर एका कान्याचं. त्यात जाहीर सभा, जाहीर सूचना, जाहीर निषेध रोजचेच. जहीर मात्र कुणाच्या तरी घरातला मुलगा. यंत्र बहुमताकडे झुकतं आणि जहीरचं जाहीर करून टाकतं. गंमत अशी की दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतले. एक मराठीच्या माजघरात जाऊन बसला, दुसरा अजून ओसरीवर.

मराठवाड्यात हे काम यंत्राच्या आधी कारकुनाने केलं. हैदराबाद संस्थानात 1884 च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू कचेरीत आली. नांदेड तेव्हा संस्थानातला जिल्हा. लातूर उस्मानाबादेत, त्याचा वेगळा जिल्हा झाला 1982 मध्ये. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. काळ्यांचे काले झाले, कांबळ्यांचे कांबले झाले. ऱ्हस्व स्वर तर सहसा लिहितच नाहीत. घाईच्या शिकस्ता वळणात नुक्तेही गळायचे. उर्दूत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ यांच्यात फरक फक्त नुक्ता कुठे पडला एवढाच, तेव्हा दफ्तर वाचणारा निम्मा शब्द डोळ्यांनी वाचायचा आणि निम्मा अंदाजाने पुरा करायचा. या खात्यात पहिली झीज सोसली ती मराठी नावांनी. हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं न्यायाचं होणार नाही.

मग सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. नोव्हेंबर 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 1964 मध्ये राजभाषेचा कायदा आला. दफ्तर मराठी झालं. बहुसंख्य लोकांना आपल्या भाषेत कागद मिळू लागला, आणि ते व्हायलाच हवं होतं. ण आणि ळ परत आले. मात्र आता पाळी दुसऱ्यांची होती. उर्दूत झहीर, झाकीर, रिझवान या नावांतल्या ध्वनीसाठी चार निरनिराळी अक्षरं आहेत. मराठी लेखनात नुक्ता नाही, म्हणून त्या चौघांना मिळून एक ‘ज’ किंवा एक ‘झ’. मास्तरांनी शाळेच्या रजिस्टरात ‘जहीर’ लिहिलं. त्यावरून टीसीचं इंग्रजी झालं ‘जे’ने. पासपोर्ट काढताना ते ‘झेड’ने लिहिलं गेलं, आणि आधारवर तिसरंच काही. माणूस एक, कागद तीन. मग ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्या, फेऱ्या मारा.

आमच्याकडची नावांची रीतही फॉर्मला मानवत नाही. ‘शेख रहीम शेख करीम’ हे नाव तीन चौकटींत कसं बसवायचं? एक शेख हमखास गळतो, कधी दोन्ही गळतात. मुलीच्या नावातलं ‘बेगम’ कधी आडनाव होतं, कधी नाहीसंच होतं.

पण यंत्राचे उपकारही मानले पाहिजेत. नांदेड-लातूरच्या मुसलमान घरांत चुलीपाशी दखनी, बाजारात मराठी. मराठी लिहायची वेळ आली की हात अडतो तो ऱ्हस्व-दीर्घापाशी. महामंडळाचे नियम 1962 चे चौदा आणि 1972 चे आणखी चार, असे अठरा. ते भल्याभल्या मराठी घरांतही पाठ नसतात. आता ‘पाणी’ची वेलांटी पहिली की दुसरी, हे फोनच सांगतो. एका वेलांटीवरून ज्यांचा मजकूर हसण्यावारी नेला जायचा, ती मुलंमुली आज बेधडक मराठीत लिहितात. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांत मुसलमानांच्या मराठी लिहिण्याला एवढा हातभार दुसऱ्या कशाने लावला नसेल.

आणखी एक. रघुनाथ पंडितांचा राज्यव्यवहारकोश ते सावरकरांची भाषाशुद्धी, फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणाऱ्या याद्या मराठीत पुष्कळ झाल्या. फोनने त्या वाचलेल्या नाहीत. लोक लिहितात म्हणून तो ‘तारीख’ सुचवतो, ‘वकील’ सुचवतो, ‘अर्ज’ही सुचवतो. ज्या बहुमताने जहीर खोडला, त्यानेच तारीख राखली.

नावाचं एक वेळ निभावतं. जातीच्या रकान्याचं निभावत नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या जुन्या दफ्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकाएकी गरज पडली. काफ, नून, बे, ये या चार अक्षरांवर एखाद्या घराचं शिक्षण आणि नोकरी ठरू लागली. सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला तेव्हा तर या कागदांचं नाव घरोघरी झालं.

तसाच शोध मुसलमान ओबीसींनाही घ्यावा लागतो. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी यांना दाखला हवा तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. वाडवडिलांचा शाळेचा उतारा काढावा, तर जातीच्या रकान्यात पुष्कळदा एकच शब्द असतो: मुसलमान. लिहिणाऱ्याच्या मनात खोट होती असं नाही. मुसलमानाला जात कुठे असते, असं त्याला वाटलं आणि त्याच्या यादीतला सर्वांत ओळखीचा शब्द त्याने घातला. अनेकदा सांगणाऱ्यानेही तेवढंच सांगितलं असेल. आज नातू अर्ज घेऊन उभा राहतो, आणि खिडकीपलीकडून विचारणा होते की यात तांबोळी कुठे लिहिलंय? मग तो दुसरे कागद शोधत फिरतो. कोतवाल बुकातली आजोबांच्या चुलत्याच्या मृत्यूची नोंद, एखादं जुनं खरेदीखत. क्वचित तिथे नावापुढे, घाईच्या अक्षरात, ‘तांबोळी’ सापडतं.