एकट्याचा रंगमंच : धवलेरी, भगत आणि पु. ल. देशपांडे

डहाणू-तलासरी भागातील वारली विवाहात धवलेरीचे स्थान पुरोहिताचे आहे. सवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, आणि धवलेरी गाण्यांतून देवदेवतांना पाचारण करते. याच समाजातील भगत घांगळीच्या साथीने कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा गातो. या परंपरेत लेखक कोण आणि नट कोण, असा प्रश्न उद्भवतच नाही.

नागर रंगभूमीवर तो उद्भवला. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा सूत्रधार पदे म्हणे व पात्रे प्रसंगानुरूप बोलत. पुढे संहिता लिहिली व छापली जाऊ लागली, तसे लेखक आणि नट एकमेकांपासून दुरावले. एकट्याने सर्व पात्रे उभी करण्याची रीत टिकविली ती कीर्तनकाराने. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या एकपात्री प्रयोगांचा विचार करताना हा वारसा डोळ्यांआड करून चालणार नाही. तो प्रकार निव्वळ पाश्चात्त्य अनुकरण होय, हे मत मला मान्य नाही.

पु. लं.नी नाना व्यवसाय केले. अध्यापन झाले, चित्रपट झाले. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त तर लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि प्रमुख भूमिका ही सर्व त्यांचीच. १९५५ साली ते आकाशवाणीत गेले, नंतर दिल्लीस दूरदर्शनच्या आरंभकाळात त्यांनी काम केले. १९५७ चे 'तुझे आहे तुजपाशी' हे त्यांचे नाटक आजही सर्वश्रुत आहे. या धडपडीस चंचलपणा म्हणणारे टीकाकार होतेच. वस्तुतः पेटीवरचा हात, नभोवाणीने आवाजास लावलेली शिस्त आणि वर्गातील श्रोत्यांची नाडी ओळखण्याची सवय, ही सारी पूर्वतयारीच ठरली.

'बटाट्याची चाळ' १९५८ साली ग्रंथरूपाने आली आणि १९६१ साली रंगमंचावर. एवढ्या बिऱ्हाडांचा संसार एकाच नटाने उभा करावयाचा! त्रिलोकेकर काय, अण्णा पावशे काय, केवळ स्वर, मान आणि हात यांच्या बळावर प्रेक्षकांपुढे येत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रंथाच्या शेवटी येणारे चिंतन हे विनोदाच्या ओघात जड वाटण्याचा धोका होता. तथापि तीन तास हसविणारा तोच एक मनुष्य जेव्हा चाळीच्या नष्टचर्याविषयी बोलू लागतो, तेव्हा ते उपरे वाटत नाही. अनेक नटांकडून हा परिणाम साधला नसता, असे मला वाटते. पुढे 'असा मी असामी' व 'वटवट' हे प्रयोगही त्यांनी केले. १९६५ साली 'व्यक्ती आणि वल्ली'स साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, तेव्हा रंगमंचावरील कीर्तीमुळे लेखक झाकोळला, ही तक्रार फारशी उरली नाही.

पु. लं.चा ग्रंथ आहे, ध्वनिमुद्रणे आहेत, चित्रणेही आहेत. संशोधकास प्रयोग आणि पाठ एकमेकांशी ताडून पाहता येतात. धवलेरीच्या गाण्यांबाबत ही सोय नाही. वारली भिंतीवरचा चौक जिव्या सोमा मशे यांच्यामुळे कागदावर उतरला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि ती चित्रे देशोदेशी गेली. त्या चौकापुढे गाणारी स्त्री मात्र मागेच राहिली. तिचे शब्द टिपावयाचे तर लग्नसराईत त्या अंगणात जाऊनच बसावे लागेल.