माळवदाचे घर आणि उतारवय

तेरणा खोऱ्यातील जुने घर म्हणजे माळवद. आजच्या लोहारा तालुक्यातील माकणी, जेथे तेरणेवर निम्न तेरणा धरण आहे, याच घरबांधणीच्या पट्ट्यात येते. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात आत गारवा राही. थकलेल्या माणसाला ढेळजेत, म्हणजे दाराजवळच्या बसायच्या जागेत, बसून रस्ता दिसे. येणारा-जाणारा विचारपूस करी. एकट्या म्हातारीची खबर भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला लगेच कळे. अडचणीही होत्याच: उंच उंबरठा, अंधाऱ्या खोल्या, माळवदावर जायचा खडा जिना.

खरा धोका मात्र डोक्यावर होता. गळती थांबवण्यासाठी पावसाळ्याआधी माती टाकत गेल्याने छताचे वजन वाढत गेले. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना सांधणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूरसह या भागातील अनेक गावे कोसळली आणि जवळपास 8 हजार माणसे गेली.

पुनर्वसनाचे मार्ग प्रामुख्याने दोन होते. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसली. तेथे घरे भूकंपरोधक झाली, पण रुंद रस्ते आणि सुट्या घरांमुळे शेजार विरळ झाला. ज्याला काठीशिवाय चालवत नाही, त्याच्यासाठी हा बदल फार मोठा होता. म्हणूनच पुढे अनेक कुटुंबांनी अंगणात पडव्या उभारल्या, हे समजण्यासारखे आहे.

दुसरा मार्ग कमी हानी झालेल्या गावांचा. तेथे सुमारे 2 लाख घरे मूळ जागीच दुरुस्त किंवा बळकट करायची होती. छतावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार काँक्रीटचे सांधे घालणे, खांब-तुळईच्या जोडाला तिरकस आधार देणे, असे उपाय ठरले. वृद्धांसाठी हाच मार्ग सोयीचा होता. घर मजबूत होई आणि शेजारही टिके. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सहभागाने गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' बनून हे तंत्र घरोघरी समजावत होत्या. तरीही दगड-मातीवरचा विश्वास उडालेला होता. बहुतेकांनी सरकारी मदतीतून जुन्या घराजवळ विटा-सिमेंटची एक खोली बांधणेच पसंत केले.