रंग निवडण्याची खिडकी

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक काय म्हणतं? "हाच रंग, पण जरा फिका दाखवा." "पोपटी नको, याहून गर्द हवा." लाल किती, हिरवा किती, निळा किती, असा हिशेब तिथे कुणी मांडत नाही. संगणकाच्या पडद्याला मात्र तेवढाच हिशेब कळतो. या तीन प्रकाशांचे ० ते २५५ असे आकडे दिले, की १,६७,७७,२१६ रंगांपैकी एक उमटतो. माणसाची बोली आणि यंत्राचे आकडे यांची गाठ एका लहानशा खिडकीत पडली आहे. तिचे मूळ बरेच मागे जाते.

न्यूटनने १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात वर्णपटाची दोन टोके जोडून रंगांचे वर्तुळ केले. पुढे बोस्टनचे चित्रकार-शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाची तीन मापे सांगितली : वर्ण कोणता, उजळ किती, शुद्ध किती. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत रिचर्ड शूप यांनी १९७३ मध्ये 'सुपरपेंट' हे चित्रे काढण्याचे यंत्र चालू केले. त्यावर काम केलेल्या ॲल्व्ही रे स्मिथ यांनी अशाच प्रकारच्या मापांतून लाल-हिरवा-निळा यांचे आकडे काढण्याची रीत १९७८ साली प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाचं "जरा फिका" गणितात बसलं ते असं.

१९९२ साली 'विंडोज ३.१' आले आणि त्याबरोबर सर्व प्रोग्रॅमांना वापरता येतील अशा तयार खिडक्या आल्या. फाइल उघडण्याची एक, छपाईची एक, रंगाची एक. तोवर ज्याची त्याची खिडकी निराळी! रंगाच्या खिडकीत ४८ रंग आयते आणि १६ घरे आपण मिसळलेल्या रंगांसाठी. वर्ण-शुद्धता-उजळपणाचे आकडे आणि लाल-हिरवा-निळ्याचे आकडे तिथे शेजारी शेजारी दिसतात. एक बदलला की दुसरा आपोआप बदलतो.

पण खिडकी आयती मिळाली म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम संपत नाही. वेबपानावर रंगाचा आकडा लालपासून लिहितात. विंडोजच्या आकड्यात लाल शेवटच्या स्थानी असतो. आकडा तसाच उचलला तर केशरी मागावा आणि आकाशी मिळावा, अशी गत होते. वापरणाऱ्याने 'रद्द' दाबले तर पहिला रंग जसाच्या तसा राहिला पाहिजे, हेही प्रोग्रॅमनेच पाहायचे.

खरा घोटाळा त्या सोळा घरांचा. खिडकी ती लक्षात ठेवत नाही. सोळा आकड्यांची यादी प्रोग्रॅमने तिच्या हाती द्यायची आणि ती मिटली की बदललेली यादी जपून ठेवायची. हे केलं नाही, तर तासभर बसून एखाद्याने नेमका आमसुली रंग जुळवावा आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडला तर त्याचा मागमूस नसावा. तो बिचारा समजतो, आपलंच काही चुकलं. वास्तविक सोळा आकडे फाइलीत लिहायला आणि परत वाचायला थोड्याच ओळी लागतात. तेवढ्याचा कंटाळा केलेले प्रोग्रॅम मी पुष्कळ पाहिले आहेत.