परवानगीसाठी काढलेलं चित्र : रेप्टनच्या कागदी झडपेपासून संगणकापर्यंत

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. इमारत उभी राहण्याआधीच तिचं हुबेहूब फोटोसारखं संगणकचित्र तयार करतात आणि ते बांधकाम परवानगीच्या अर्जाला जोडतात. या चित्रांचा इतिहास आज आपण बघणार आहोत. त्यासाठी आपल्याला इंग्लंडमध्ये, त्यातही लंडनमध्ये जावं लागेल. तिथे मोठ्या इमारतीला परवानगी द्यायची की नाही, हे बऱ्याचदा 'ती दिसेल कशी' या प्रश्नावर येऊन ठेपतं. त्यामुळे चित्राला तिथे पुराव्याची किंमत आली. आता पुरावा म्हटला की दोन प्रश्न येतात. साक्षीदार खरं बोलतोय का? आणि त्याला साक्षीला बोलावलं कोणी, उभं केलं कुठे? पहिल्या प्रश्नावर तिथे भरपूर कष्ट घेतले गेले. आपलं लक्ष मात्र दुसऱ्या प्रश्नावर असणार आहे.

सुरुवात संगणकाच्या दोनशे वर्षं आधी होते. हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) हा जमीनदारांच्या बागा आणि परिसर आखून देणारा सल्लागार. प्रत्यक्ष खोदकाम, लागवड तो सहसा करत नसे. तो विकायचा ती कल्पना, आणि ती विकण्यासाठी त्याने एक युक्ती काढली. लाल चामड्यात बांधलेल्या वह्यांत तो जागेचं जलरंगातलं चित्र काढायचा आणि त्यावर एक कागदी झडप चिकटवायचा. झडप खाली असताना जागा आज आहे तशी दिसायची. झडप उचलली की रेप्टनचा सल्ला मानल्यावर ती कशी होईल ते दिसायचं. 'आधी' आणि 'नंतर' एकाच पानावर!

१८१६ मध्ये रेप्टनने एसेक्समधल्या स्वतःच्या घरासमोरचं दृश्य याच पद्धतीने छापलं. 'आधी'च्या चित्रात कुंपणाशी एक अपंग भिकारी उभा आहे आणि रस्त्यापलीकडे खाटकाचं दुकान आहे, मांस टांगलेलं. झडप उचला. कुंपण पुढे सरकलंय, म्हणजे समोरच्या मोकळ्या जागेचा एक तुकडा बागेत आलाय. गुलाब फुललेत, दुकान झाडीमागे गेलंय. आणि भिकारी? तो चित्रातच नाही. या चित्रात खोटं काय आहे, असं विचारलं तर बोट ठेवता येत नाही. बाग खरोखरच तशी झाली असेल. पण काय दिसावं आणि काय दिसू नये, हे घरमालकाच्या खिडकीतून ठरलंय. भिकाऱ्याच्या जागेवरून तेच दृश्य काढलं असतं तर चित्रात काय आलं असतं, याचा विचार आपण करून बघावा.

रेप्टनचं गिऱ्हाईक जमिनीचं मालकच होतं, त्यामुळे तिथे दुसऱ्या कोणाला पटवायची गरज नव्हती. विसाव्या शतकात ही परिस्थिती बदलली. १९३३ मध्ये लंडनच्या सिटी भागात फॅरडे बिल्डिंग नावाचं उंच टेलिफोन एक्स्चेंज उभं राहिलं आणि थेम्स नदीकडून दिसणारं सेंट पॉल्स कॅथेड्रल काही ठिकाणी झाकलं गेलं. बोंब झाली. त्यातून पुढच्या काही वर्षांत कॅथेड्रलभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर मर्यादा आल्या. पुढे १९४७ चा टाउन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा आला आणि आपल्याच जमिनीवर काही बांधायचं तरी परवानगी घेणं बंधनकारक झालं. नंतरच्या दशकांत शेजारी, वारसा संस्था यांचं म्हणणं ऐकण्याची पद्धत रुळत गेली. मोठ्या वादात जाहीर चौकशी बसू लागली, तीही जवळजवळ कोर्टासारखी, वकील आणि उलटतपासणीसकट. आता चित्र घरमालकापुरतं उरलं नाही, ते सुनावणीत मांडलं जाऊ लागलं.

सुरुवातीला ही चित्रं वास्तुविशारदांची असायची, जलरंगातली किंवा शाईतली. बघणाऱ्याला कळायचं की हा हात चित्रकाराचा आहे, थोडं झुकतं माप असणारच. १९९० च्या दशकात संगणकाने ही खूणच पुसून टाकली. चित्र फोटोसारखं दिसायला लागलं, आणि फोटोवर आपला विश्वास चटकन बसतो. पण चित्राला झुकवण्याच्या जागा होत्या तशाच राहिल्या. वाइड अँगल लेन्स वापरली की लांबची इमारत लहान वाटते. उन्हाळ्यातली भरगच्च झाडं दाखवली की अर्धी इमारत त्यांच्याआड जाते. काचेच्या मनोऱ्यामागे फिकट आभाळ ठेवलं की मनोरा विरघळल्यासारखा होतो.

म्हणून मग चित्राची तपासणी करता येईल अशी पद्धत बसवली गेली. कॅमेरा नेमका कुठे आणि किती उंचीवर ठेवला, हे मोजणी करून नोंदवायचं. फोटोत दिसणारे काही पक्के बिंदू, म्हणजे एखाद्या छताचा कोपरा, दिव्याचा खांब, हेही मोजायचे. मग इमारतीचं त्रिमिती मॉडेल त्या बिंदूंवर बसवायचं. बिंदू जुळले, तर इमारत चित्रात बरोबर जागी आणि बरोबर आकाराची आहे, असं छातीठोकपणे सांगता येतं. लंडनच्या महापौरांच्या दृश्य-संरक्षण आराखड्याने अशा चित्रांच्या चार पायऱ्या ठरवल्या, शून्य ते तीन. सगळ्यात खाली फक्त जागा आणि आकार. मग इमारत किती दिसेल आणि किती झाकली जाईल ते. मग तिचं वास्तुरूप, आणि शेवटी काच, दगड, रंग असं साहित्य. कोणतं चित्र कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे त्यामुळे आधीच स्पष्ट होतं.

२००३ मध्ये लंडन ब्रिजजवळच्या 'शार्ड' या मनोऱ्यावर जाहीर चौकशी झाली. वास्तुविशारद होते रेन्झो पियानो, आणि उंची तीनशे मीटरहून जास्त. इंग्लिश हेरिटेज या सरकारी वारसा संस्थेचा विरोध होता, कारण उत्तरेकडच्या टेकड्यांवरून पाहिलं तर हा मनोरा सेंट पॉल्सच्या मागे येत होता. इथे दोन्ही बाजूंना मनोरा कुठे येणार हे मान्य होतं. वाद होता तो दृश्य बिघडतं की खुलतं यावर. शेवटी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी परवानगी दिली, आणि वास्तुकलेचा दर्जा हे त्यामागचं मोठं कारण होतं. आता दर्जा म्हणजे काय, तर काच कशी चमकेल, टोक आभाळात कसं मिसळेल. २००३ मध्ये हे सगळं फक्त मॉडेलमध्ये आणि चित्रातच अस्तित्वात होतं. मोजता येणारा भाग वादात नव्हता. निकाल फिरला तो न मोजता येणाऱ्या भागावर.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लंडनच्या नैर्ऋत्येला रिचमंड पार्कमध्ये किंग हेन्रीज माउंड नावाचा उंचवटा आहे. तिथून झाडीतल्या एका फटीतून सुमारे १६ किलोमीटरवरचा सेंट पॉल्सचा घुमट दिसतो. हे दृश्य नियमांनी संरक्षित आहे. २०१६ च्या अखेरीस तिथे जाणाऱ्या लोकांच्या लक्षात आलं की घुमटाच्या मागे एक नवा मनोरा उभा राहतोय. तो होता स्ट्रॅटफर्डमधला ४२ मजल्यांचा मॅनहॅटन लॉफ्ट गार्डन्स, कॅथेड्रलच्याही कितीतरी किलोमीटर पलीकडे. परवानगी रीतसर घेतलेली होती. दृश्याच्या नियमांत कॅथेड्रलमागची जागा काही अंतरापर्यंतच धरलेली होती आणि स्ट्रॅटफर्ड त्याच्या बाहेर पडत होतं. कोणी खोटं चित्र सादर केलं नव्हतं. त्या उंचवट्यावरून चित्र काढा, असं कोणी म्हटलंच नव्हतं! तपासणीची सगळी साधनं हाताशी होती, संगणक होते, मोजणीची पद्धत होती. एक बिंदू यादीत नव्हता, एवढंच. आणि मनोरा उभा राहिल्यावर चित्र मागून उपयोग काय?

याउलट स्वित्झर्लंडची एक जुनी पद्धत बघा. तिथे इमारत बांधायच्या आधी भूखंडावर खांब उभे करून तिची उंची आणि कडा दाखवाव्या लागतात. दिसायला ओबडधोबड, ना काच ना गुलाब. पण ते खांब प्रत्येकाला स्वतःच्या खिडकीतून, स्वतःच्या रस्त्यावरून दिसतात. कुठून बघायचं हे अर्जदाराच्या हातात राहत नाही.

आपल्याकडे काय आहे? १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवतात. एकेका इमारतीचा नकाशा मंजूर होताना मात्र एफएसआय, सामासिक अंतरं, उंची असे आकडे तपासले जातात. समोरच्या चाळीतून ती कशी दिसेल याचं चित्र सहसा मागितलं जात नाही. आपल्या शहरांतली चकचकीत चित्रं होर्डिंगवर असतात, ती फ्लॅट घेणाऱ्यासाठी. जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ खाली त्याला भरपाई मागता येते. शेजाऱ्याला मात्र या चित्रात जागा नाही, रेप्टनच्या भिकाऱ्याला नव्हती तशीच.

म्हणून उद्या आपल्यासमोर असं एखादं चित्र आलं, तर 'हे खरं आहे का' एवढंच विचारून थांबू नये. कॅमेरा कुठे ठेवला होता, ती जागा कोणी निवडली, आणि आपल्या खिडकीतून काढलेलं चित्र कुठे आहे, हे विचारावं. तेही इमारतीचा पाया खणायच्या आधी. आता आपण प्रश्नांकडे वळू.