एसएच म्हणजे नेमका कोण?

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सकाळी प्रोजेक्टचा डेमो. माझ्या फेडोरावर बिल्ड व्यवस्थित व्हायचं. मित्राच्या उबुंटूवरही झालं, पण अ‍ॅप उघडताच बंद! रात्री दोन वाजता लॉग चाळताना एक ओळ सापडली: "[[: नॉट फाउंड".

माझ्या मेकफाइलमध्ये एक अट दुहेरी चौकटी कंसात लिहिली होती. मेक अशा ओळी एसएच नावाच्या शेलकडे सोपवतो. मग नाव एकच असताना दोन लॅपटॉपवर वागणं वेगळं का?

चला मागे, 1979 मध्ये. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला, नाव एसएच. 1989 मध्ये ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी बॅश लिहिला. पुढे त्यात सोयी वाढत गेल्या, दुहेरी कंस त्यातलाच. 1992 मध्ये पॉसिक्स मानकाने शेलची सामाईक भाषा ठरवली. तिच्यात दुहेरी कंस नाही.

पण लिनक्सवर बहुतेक ठिकाणी एसएच म्हणजे बॅशच असायचा, म्हणून कुणाला फरक जाणवला नाही. मग ऑक्टोबर 2006 मध्ये उबुंटू 6.10 ने एसएच हे नाव डॅश या हलक्या शेलला दिलं. का? वेगासाठी. बूट होताना तेव्हा ढीगभर शेल स्क्रिप्ट चालायच्या. 2011 मध्ये डेबियननेही तेच केलं. फेडोरावर मात्र एसएच म्हणजे बॅशच राहिला.

खरा धोका पुढे आहे. डॅशला दुहेरी कंस म्हणजे एखादी कमांड वाटते. ती सापडली नाही की अट खोटी ठरते आणि बिल्ड न थांबता पुढे जातं! माझ्याकडे नेमकं हेच झालं, आणि चुकीची कॉन्फिग फाइल कॉपी झाली.

उपाय दोन. बॅशच हवा असेल तर मेकफाइलमध्ये आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचंच नाव लिहा. नाहीतर एकेरी कंस, तुलनेला एकच बरोबरचं चिन्ह, आणि स्क्रिप्ट डॅशवर चालवून बघा. चेकबॅशिझम्स नावाचं टूल अशा जागा शोधून देतं.

त्या रात्री मी उबुंटूला शिव्या घातल्या. आज वाटतं, चूक माझीच होती. एसएच लिहून मी बॅश गृहीत धरला होता. डेमो झाला बरं का, दोन कंस कमी करून!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.